मिराशीचं गाव

दुष्काळ संपला होता, पाऊस पुन्हा पडू लागला होता, पण पेरायला माणसंच नव्हती. दुर्गादेवीच्या दुष्काळाची आठवण दख्खनेत अशी सांगितली जाते. परंपरेनं त्याचा काळ 1396 ते 1407 असा, जवळजवळ बारा वर्षांचा मानला आहे. गावंच्या गावं ओस पडली, शिवेचे दगड झाडोऱ्यात हरवले आणि कुणाची जमीन कुठवर होती हे सांगणारा म्हातारा कोतारा उरला नाही. इंग्रज इतिहासकार ग्रँट डफनं नोंदवलेली हकिगत अशी, की 1429 च्या सुमारास बहामनी दरबारानं दादो नरसो काळे नावाचा ब्राह्मण कारभारी आणि एक तुर्की खोजा यांना मुलूख पुन्हा वसवायला धाडलं. जुन्या वतनदारांचे वारस सापडतील तिथे त्यांची वतनं कायम करायची, सापडणार नाहीत तिथे नवे लोक बसवायचे, शिवा आठवत नसतील तर दोन-तीन गावांचं मिळून एक करायचं. पहिल्या वर्षी सारा माफ. दुसऱ्या वर्षी बिघ्यामागे एक तोबरा धान्य, म्हणजे घोड्याच्या तोंडाला बांधायच्या चंदीच्या पिशवीत मावेल तेवढं.

सत्ता इतकी नमते केव्हा? जमीन अमाप आणि हात थोडे असतात तेव्हा. दख्खनेत ही स्थिती थेट एकोणिसाव्या शतकापर्यंत कमीअधिक टिकली. 1630-32 च्या भीषण दुष्काळानंतर आणि आदिलशाही फौजांनी पुणे जाळून उद्ध्वस्त केल्यानंतर दादोजी कोंडदेवांनी मावळात लावणी-संचणी केली ती याच वाटेनं: कौल, म्हणजे लेखी अभय द्यायचं, सारा आधी नाममात्र ठेवायचा आणि दरसाल थोडाथोडा चढवत पुऱ्या दरावर आणायचा. या चढत्या साऱ्याला इस्तावा म्हणत. शेजारच्या परगण्याचा देशमुखही असाच कौल घेऊन उभा असे. म्हणजे देशावरच्या कुणब्याला जायला जागा होती, बोलावणारे होते, नांगर-बैल नेले की काम सुरू होत होतं. तरी बहुतेक जण राहिले, आणि गेलेल्यांतले पुष्कळ परत आले.

याचं ठरीव उत्तर ‘मातीची ओढ’ असं दिलं जातं. ते खोटं नाही. पण जुन्या कागदांत ओढीचा उल्लेख शोधून सापडत नाही. तिथे बोलबाला आहे तो हक्काचा, आणि त्या हक्काचं नाव मिरास.

पेशवाईतल्या पुणे, सातारा, नगर भागातल्या गावात जमीन कसणारे दोन प्रकारचे होते. एक मिरासदार किंवा थळकरी, दुसरे उपरी. उपऱ्याला जमीन मिळे ती वर्षाच्या बोलीवर किंवा कौलाच्या मुदतीपुरती. तो चांगला कसणारा असला, पिढीभर गावात राहिलेला असला, तरी गावाच्या दृष्टीनं तो आलेला माणूसच. मिरासदाराची जमीन मात्र वंशपरंपरेची. ती तो विकू शके, गहाण टाकू शके, लेकराचे लेकरी खाऊ शके. सारा भरत राहिला तर त्याला उठवण्याचा अधिकार पाटलालाही नव्हता. गावाची जमीन थळांमध्ये वाटलेली असे आणि थळाला बहुधा मूळ घराण्याचंच नाव असे. एखादं घराणं नष्ट झालं किंवा परागंदा झालं, की त्याची जमीन ‘गतकूळ’ म्हणून कागदावर चढे. पण नाव जमिनीला चिकटलेलंच राही. दुसराच कुणी ती कसत असला तरी ती अमक्याचं थळ म्हणूनच ओळखली जाई.

या व्यवस्थेतली सगळ्यात नवलाची गोष्ट 1819 मध्ये इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टन यानं पेशव्यांकडून जिंकलेल्या मुलखावर अहवाल लिहिला तेव्हा त्याच्या नजरेत भरली. मिरासदार गाव सोडून गेला तरी त्याची मिरास बुडत नसे. मधल्या काळात उपऱ्याला जमीन लावून गाव सारा वसूल करी. पण मूळ मालक कित्येक दशकांनी परतला आणि थकबाकीचा निकाल लावायला तयार झाला, तर त्याचा दावा ऐकला जाई. मालक वारला असेल तर मुलाचा. गावात राहण्याचा हक्क गाव सोडल्यानं जात नव्हता! दुष्काळात, धामधुमीत किंवा साऱ्याच्या जाचापायी निघून जाणाऱ्याला ही केवढी हमी होती, याचा विचार केला म्हणजे परतणाऱ्यांचं प्रमाण समजतं.

मिराशीत पैशाचा फायदा तरी मोठा असावा असं वाटेल. तसं दिसत नाही. काही भागांत मिरासदाराला घरपट्टी, म्हैसपट्टी, लग्नटक्का अशा किरकोळ करांतून सूट होती. पण त्याचा जमीनसारा उपऱ्याच्या साऱ्यापेक्षा बरेचदा जड असे, आणि वर मिरासपट्टी नावाचा जादा कर ठरावीक वर्षांनी बसे. उपरी घासाघीस करून हलक्या दरानं जमीन घेई, न परवडली तर सोडून देई. निव्वळ हिशेब केला तर उपरी असणंच कधीकधी किफायतीचं. तरीही उपरी धडपडून, नजर भरून, गोताच्या पाया पडून मिरासपत्र मिळवत. मिरासदार कर्जात गळ्यापर्यंत बुडाला तरी मिरास विकण्याआधी दहादा विचार करी.

कारण मिराशीतून मिळत होतं ते गावाच्या बैठकीतलं स्थान. वतनाचा, शिवेचा, वाटणीचा तंटा उभा राहिला की गोतसभा बसे. देशमुख-देशपांडे, पाटील-कुलकर्णी, मिरासदार, बलुतेदार असे सगळे हजर होत, साक्षी घेत आणि निवाड्याचा कागद करत. त्याला महजर म्हणत. असा महजर उलगडून पाहावा: मजकुराखाली सह्या नाहीत, निशाण्या आहेत. पाटलाचा नांगर, सुताराचं किंकरं, चांभाराची आरी, न्हाव्याचा आरसा, परटाची मोगरी. लिहिता न येणाऱ्या माणसांनी आपापल्या हत्याराची आकृती काढून दिलेली ही साक्ष. उपऱ्याची निशाणी तिथे सहसा नसे. ज्याला विचारायचं तो, आणि ज्याला विचारायचं नाही तो, हा फरक त्या एका कागदात दिसतो.

शिवाय मान. होळीत पहिली पोळी कुणाची, पोळ्याला पुढे बैल कुणाचा, लग्नात पहिला विडा आणि पहिला टिळा कुणाला, याची बारीक यादी पाटीलकीच्या वाटणीपत्रात असते. एखाद्या पाटलानं अडचणीत निम्मी पाटीलकी विकली की खरेदीखतात जमिनीपेक्षा जास्त शाई या मानापानावर खर्ची पडलेली असते: अमका मान थोरल्यानं घ्यावा, तमका धाकट्यानं, अमक्या सणाला दोघांनी बरोबर. आज हे वाचताना हसू येतं. पण हा मान नेमक्या त्या गावात, त्या वेशीतच चालणारा होता. दहा कोसांवर त्याची किंमत शून्य. सगळी पुंजी अशा नाण्यात असेल, तर माणूस दुसऱ्या बाजारात जाईल कशाला?

गेलेल्यांनीही हे नाणं टाकलं नाही. माळवा आणि गुजरात पादाक्रांत करणारी घराणी देशावरच्याच लहान गावांतून उठली. शिंद्यांचं कण्हेरखेड साताऱ्याकडे, होळकरांचं होळ फलटणजवळ, गायकवाडांचं दावडी पुण्याच्या उत्तरेला. महादजी शिंदे दिल्लीच्या बादशहाचा कारभार हातात घेऊनही स्वतःला पाटील म्हणवून घेत राहिले. यात नम्रतेचं नाटक होतं असं काही इतिहासकार म्हणतात, असेलही. पण पाटीलकी हे नाटक नव्हतं. 1803 च्या सुर्जी-अंजनगावच्या तहात शिंद्यांनी अहमदनगरचा किल्ला गमावला, मोठमोठे प्रांत सोडले. मात्र जामगाव, श्रीगोंदे अशी दक्षिणेतली घराण्याची जुनी गावं आपल्याकडे राहावीत यासाठी तहात वेगळं कलम घालून घेतलं. लाखांचे मुलूख जात असताना कुणी चार गावांसाठी भांडतं, तेव्हा त्या गावांचा वसूल हे कारण नसतं.

वतनाचा हाच वंशपरंपरेचा हक्क राजनिष्ठेच्या आड कसा येई, तेही नोंदलं गेलं आहे. 1659 मध्ये अफजलखान चालून आला तेव्हा मावळातल्या देशमुखांना आदिलशाही फर्मानं आली: खानाला मिळा, नाहीतर वतनं जातील. उत्रवळीचे खंडोजी खोपडे खानाला मिळाले. कारीचे कान्होजी जेधे शिवाजी महाराजांकडे आले आणि जेधे करिन्यातल्या हकिगतीप्रमाणे त्यांनी वतनावर पाणी सोडलं. हा प्रसंग त्यागाचा म्हणून शाळेत शिकवला जातो आणि तो तसा आहेच. मात्र खोपड्यांचा निर्णय त्या काळच्या रीतीला धरून होता, जेध्यांचा अपवाद. पुढे रामचंद्रपंत अमात्यांनी ‘आज्ञापत्रा’त वतनदारांना राज्याचे भाऊबंद वाटेकरी असंच ठरवलं आणि त्यांना गोंजारूनही ठेवावं, वेसणीतही ठेवावं असा सल्ला दिला. राजे येतील-जातील, आपण इथेच आहोत, हा वतनदाराचा भरवसा त्यांनी अचूक ओळखला होता.

गाव सोडणं हे मग काय होतं? कित्येकदा ते भांडण होतं. सरकारी वसूल अधिकाऱ्यानं, कमाविसदारानं, सारा वाढवला, जुलूम केला, की सगळा गाव उठून शेजारच्या परगण्यात जाऊन बसे. शेतं पडीक राहत, वसूल बुडे, आणि सरकारातून अभयपत्र येई, की जे झालं ते झालं, परत या, अमकी सूट दिली आहे. पाटील मधे पडून बोली करी. मिरास बुडत नाही हे ठाऊक असल्यानंच हे हत्यार उपसता येत होतं. खानदेशात मिरासदार थोडे आढळतात असं सुरुवातीच्या इंग्रज अधिकाऱ्यांनी लिहून ठेवलं आहे. तिथे वारंवारच्या धामधुमीनं आणि 1803-04 च्या दुष्काळानं गावंच अशी विसकटली होती, की परतणाऱ्याला ओळखणारं कुणी उरलं नव्हतं. मिरास कागदावर होती खरी, पण तिचा खरा दप्तरखाना शेजाऱ्यांच्या आठवणीत होता.

सगळ्यांनाच बाहेर पडून परतता येई असं नव्हे. जोतिराव फुल्यांचं घराणं मूळचं साताऱ्याकडच्या कटगुणचं, आडनाव गोऱ्हे, गावातलं पद चौगुल्याचं. गावच्या कुलकर्ण्याशी झालेल्या वैरातून पणजोबांना गाव सोडावं लागलं असं चरित्रकार सांगतात. ते पुरंदरकडच्या खानवडीत आले, पुढची पिढी पुण्यात फुलांच्या व्यवसायात शिरली आणि जुनं आडनावही मागे पडलं. कुलकर्ण्याच्या लेखणीचं गावावर केवढं वजन असतं, हे जोतिरावांनी ‘शेतकऱ्याचा असूड’मध्ये ज्या त्वेषानं मांडलं, त्यामागे घरातलीही एक हकिगत होती.

आणि ज्यांना कुठल्याच गावात थळ नव्हतं ते? त्रिंबक नारायण आत्रे यांच्या 1915 च्या ‘गावगाडा’त कुणबी, बलुते, अलुते यांच्या जोडीला फिरस्त्या जमातींवर बराच मजकूर आहे. आत्रे महसूल खात्यातले, त्यामुळे त्यांच्या लिहिण्यात फिरस्त्यांविषयी त्रासिकपणा जाणवतो. तो त्यांच्या हुद्द्याचा. आतून लिहिलेलं वाचायला मराठीला 1980 पर्यंत थांबावं लागलं. लक्ष्मण माने यांचं ‘उपरा’ तेव्हा आलं आणि राहण्याचा हक्कच नसलेल्या कैकाडी कुटुंबाची वेशीबाहेरची बाजू वाचकांना कळली.

1818 नंतर इंग्रजांनी आधी मिरास जपण्याची भाषा केली. पुण्याजवळच्या लोणीकंद गावाची डॉ. थॉमस कोट्स या सर्जननं त्याच सुमारास बारकाईनं पाहणी केली. घरं, पिकं, कपडे, जेवण, कर्ज, सगळं. 1823 मध्ये छापलेला हा वृत्तांत इतका भरीव होता, की समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांनी सव्वाशे वर्षांनंतरच्या त्याच गावाचा अभ्यास करून 1960 मध्ये पुस्तक लिहिलं. कोट्सच्या लोणीत बहुतेक शेतकरी सावकाराचे देणेकरी आहेत. पण जमिनीवर आहेत ते मिरासदारच. सावकाराला पीक हवं होतं. गावाच्या संमतीवाचून जमीन घेऊन तो करणार काय?

1836 मध्ये इंदापुरात गोल्डस्मिड आणि विंगेट यांची पाहणी लागू झाली आणि हळूहळू ती सगळीकडे पसरली. प्रत्येक शेताला नंबर, तीस वर्षं ठरलेला सारा, सरकार आणि खातेदार यांच्यात मधे कुणी नाही. मिरासदार आणि उपरी दोघेही खातेदार झाले. उपऱ्याला हे वरदानच होतं, यात शंका नाही. गोताच्या दारात उभं न राहता त्याला हक्क मिळाला. पण ज्या शेजाऱ्यांच्या आठवणीवर मिरास उभी होती त्यांना आता कुणी विचारत नव्हतं. दिवाणी कोर्ट कागद पाहत होतं, आणि कागद सावकाराच्या पेटीत होता.

1874 च्या अखेरीस शिरूर तालुक्यातल्या करडे गावी याचा स्फोट झाला. काळूराम नावाच्या मारवाडी सावकारानं गावच्या देशमुखावर हुकूमनामा मिळवला, लिलावात त्याचं घर घेतलं आणि ते पाडायला लावलं. देशमुखाचा वाडा पाडणं म्हणजे गावाच्या नाकावर घाव. करडेकरांनी मारामारी केली नाही. त्यांनी जुनं हत्यार काढलं: न्हावी हजामत करीना, पाणक्या पाणी भरीना, गडी कामाला येईनात. शेवटी सावकारालाच बिऱ्हाड हलवून शिरूरला जावं लागलं. काही महिन्यांत, 12 मे 1875 ला, सुप्याच्या बाजारात सावकारांच्या दुकानांवर जमाव गेला आणि कर्जरोखे, खाती, वह्या रस्त्यावर जाळल्या. दंगलीची लाट पुणे-नगर जिल्ह्यांत पसरली. लोकांचा रोख माणसांपेक्षा कागदांवर होता, हे चौकशी आयोगानंही टिपलं. 1879 मध्ये दख्खन शेतकरी साहाय्य कायदा आला.

एवढ्यावर थांबलं तर गोष्ट फार गोड होते. ज्या वतनानं पाटलाला गावात मान दिला, त्याच वतनानं महाराला गावात डांबलं. बेदरच्या बादशहानं बावन हक्क दिल्याची परंपरा महार समाज सांगत आला; गावशिवेच्या तंट्यात त्यांचीच साक्ष मोलाची मानली जाई; हाडकी-हाडोळ्याची जमीन होती. बदल्यात वेसकरकी, सरकारी वसूल पोचवणं, वर्दी देणं, मेलेली गुरं ओढणं, आल्यागेल्या अधिकाऱ्याची बडदास्त, रात्रंदिवस. लष्करात, रेल्वेत, मुंबईच्या गोदीत, नागपूरच्या गिरणीत वाट सापडली तरी वतनाची पाळी येई तेव्हा घरातल्या कुणीतरी गावी असावंच लागे. 1928 मध्ये मुंबई कायदेमंडळात 1874 च्या वतन कायद्याला दुरुस्ती मांडताना डॉ. आंबेडकरांनी हेच दाखवून दिलं: नेमलेला वतनदार हजर नसला तर त्याच्या कुटुंबातल्या कुणालाही राबवलं जातं, आणि मोबदला म्हणाल तर तुटपुंजी जमीन आणि खळ्यावरचं मागून आणलेलं बलुतं. विरोध इतका झाला, की पुढे ते विधेयक त्यांना मागे घ्यावं लागलं.

त्यांच्याच समाजातल्या काहींना वतन सोडणं पटत नव्हतं, हेही विसरता येत नाही. पिढ्यान्‌पिढ्या जे हक्क म्हणून सांगितलं, ते बेडी म्हणून टाकून द्यायचं? बाबासाहेबांचं उत्तर ठाम होतं. 1942 मध्ये नागपूरच्या अधिवेशनात दलितांसाठी गावाबाहेर स्वतंत्र वसाहतींची मागणी झाली आणि नोव्हेंबर 1948 मध्ये घटना समितीत त्यांनी खेड्याच्या गौरवाची खिल्ली उडवली. त्या भाषणावर तेव्हा पुष्कळ जण रागावले. रागावणाऱ्यांत वेशीच्या आत राहणारेच अधिक होते.

वतनं कायद्यानं टप्प्याटप्प्यानं गेली. परगणा आणि कुलकर्णी वतनं 1950 च्या कायद्यानं, महारांसह कनिष्ठ ग्रामसेवकांची 1958 च्या, आणि मुलकी पाटलांची 1962 च्या. महार वतनाच्या जमिनी जुन्या धारकांना रक्कम भरून परत मिळाल्या, पण नव्या शर्तीवर. म्हणून आजही अशा सातबाऱ्यावर ‘भोगवटादार वर्ग 2’ दिसतं, आणि विकायची तर जिल्हाधिकाऱ्यांची परवानगी काढून नजराणा भरावा लागतो. पुण्याभोवतीच्या गावांत, जिथे गुंठ्याचे भाव आता लाखांत आहेत, अशा जमिनींच्या वारसनोंदींसाठी मुंबई-नाशिकहून लोक तलाठ्याकडे खेटे घालतात. त्यांचे आजोबा कधीच गाव सोडून गेलेले असतात, आणि फेरफारात नाव चढवायचं तर नातं शाबीत करायला गावातलाच कुणी पंच लागतो.